झोपायच्या खोलीतली गुणगुण

फ्रिज बंद करून ठेवायची खोड असलेला नवरा पदरी पडला, तर बाईनं करावं तरी काय? कानसेनच्या बायकोनं आधी भांडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, आणि शेवटी फ्रिजच्या बटणावर चिकटपट्टी लावली. ती चिकटपट्टीही चार दिवसांआड सुटलेली सापडायची. आत दूध नासलेलं, भाज्यांनी माना टाकलेल्या, आणि हा बाबा बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. विचारलं की म्हणायचा, "अगं, दोनच मिनिटं. त्याची घरघर फार होते." त्याची दोन मिनिटं म्हणजे किती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं आणि तिथंच राहायचं. पोलिसांनी जप्त केलेले फोन, संगणक, कॅमेरे जिथं तपासायला येतात, त्या प्रयोगशाळेत तो आवाज तपासायचा. शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे त्याला कानसेनच म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. उगाच लाजायबिजायचा नाही. दिसायला म्हणाल तर अगदी साधा माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मागं सरकत चाललेलं कपाळ, आणि खुर्चीत बसला की डावा पाय जो हलायला लागायचा, तो उठेपर्यंत थांबायचा नाही. शेजारच्या टेबलावरच्यानं एकदा वैतागून त्या पायाखाली उशी आणून ठेवली होती.

आता त्याचं काम काय, ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. दिवा, पंखा, फ्रिज, काहीही चालू असलं की विजेची एक बारीक गुणगुण खोलीत भरून असते. आपल्या कानावर ती पडते, पण आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. फोनवर काही टिपलं की शब्दांच्या मागं ही गुणगुणही टिपली जाते. तिचा सूर सारखा किंचित चढतो, किंचित उतरतो. लोकांनी विजेवर जास्त ताण दिला की खाली, कमी दिला की वर. आणि गंमत अशी की एका वीजजाळ्यावरच्या सगळ्या गावांत तो एकाच वेळी सारखाच चढतो-उतरतो. प्रयोगशाळेच्या भिंतीला लावलेलं एक यंत्र कायम ही गुणगुण साठवत बसलेलं असे. कोर्टात कोणी म्हणालं, हे बोलणं अमक्या दिवशी टिपलंय, की कानसेन त्यातली गुणगुण वेगळी काढायचा आणि भिंतीवरच्या यंत्राशी ताडून बघायचा. जुळली तर खरं, नाही जुळली तर थाप. मधलं वाक्य कोणी कापलं असेल, तर तिथं गुणगुणीचा धागा तुटलेला दिसायचा. कात्री कितीही सफाईनं चालवा, धागा तुटायचाच.

वर्षानुवर्षं हे झकास चाललं होतं. मग दिवस फिरले. ज्यांना पकडायचं, तेही शिकले-सवरले. शेजारच्या खोलीतली फोन उघडणारी मंडळी रडकुंडीला आली होती. काही दिवस कोणी उघडला नाही की फोन आपला आपण बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि आतून अशी कडी लावून बसतो की बोलायची सोय नाही. पुसलेल्या फाइली पूर्वी खरवडून काढता यायच्या. आता पुसणारी साधनं पुसल्याच्या खुणासुद्धा पुसायला बघतात. आणि कानसेनच्या टेबलावर येऊ लागले ते कोणाच्या तोंडून कधी निघालेलेच नाहीत असे आवाज. माणूस बोललेलाच नाही, आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच लकबीत संगणक बोलतोय! असले आवाज ओळखायला एक नवं यंत्र आणलं होतं, पण ते निम्म्या वेळा "सांगता येत नाही" असं सांगायचं. एवढं तर कानसेनच्या मेहुण्यालाही सांगता आलं असतं, आणि तेही फुकट. तेव्हा कानसेनची सगळी भिस्त उरली ती आपल्या गुणगुणीवर. आवाज नकली कराल हो, पण त्या दिवशीची, त्या घटकेची वीज कुठून आणाल?

असं तो म्हणायचा. चारचौघांत म्हणायचा, परिषदांमध्ये माइकसमोर उभा राहून मोठ्या तोऱ्यात म्हणायचा.

अशात ते पाळणाघराचं प्रकरण आलं. एका पाळणाघरातून आईनं संध्याकाळी आपलं बाळ उचललं, तर ते गुंगीत, मान टाकलेलं. धावतपळत दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी बाळ हसायला-खेळायला लागलं, आणि त्या धांदलीत रक्त तपासायचं कोणाला सुचलंच नाही. तापानं झालं की आणखी कशानं, देव जाणे. पण दोन दिवसांनी पाळणाघराच्या ताईंची भागीदारीण पोलिसांत गेली. दोघींचं बरेच दिवस फाटलं होतं. ती म्हणाली, परवा दुपारी पोरं झोपवायच्या वेळी मी झोपायच्या खोलीच्या दाराआडून हे टिपलंय. तिच्या फोनमधून ताईंचा आवाज आला, "याला पण पाजते दोन चमचे सर्दीचं औषध. गप पडतील दुपारभर. आईबापांना काय कळतंय!"

मागं पोरांचे झोपेतले श्वास, एकाचा खोकला, आणि तीच विजेची गुणगुण.

कानसेननं ताडून पाहिलं. दिवस जुळला, वेळ जुळली, धागा कुठंही तुटलेला नाही. आवाज ताईंचाच, असं एक यंत्र म्हणालं. दुसरं यंत्र म्हणालं, सांगता येत नाही. एकच गोष्ट त्याच्या कानाला खटकली. मध्येच ताई तोंड फिरवतात, आवाज लांब जातो, कापडाची सळसळ होते. म्हणजे टिपणाऱ्या बाईचा हात हलला असणार. पण गुणगुण जिथल्या तिथं! फोन हलला तर ती जराशी तरी डुलायला नको? त्यानं पुन्हा ऐकलं, परत ऐकलं, पाय जोरजोरात हलायला लागला. पण टेबलावर ढीग पडला होता. मोठ्या मॅडम येऊन "त्या पाळणाघराचं झालं का हो?" असं विचारून गेल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे, त्याची लाडकी गुणगुण जुळली होती ना! त्यानं लिहिलं, ध्वनिमुद्रण अस्सल आहे. खाली सही ठोकली आणि अहवाल पाठवून मोकळा झाला.

ताईंना त्याच आठवड्यात अटक झाली. जामिनावर सुटल्या, पण पाळणाघराला पोलिसांचं कुलूप लागलं आणि दारावर कोणीतरी काळ्या रंगानं नको नको ते लिहून ठेवलं. खटला उभा राहिला, आणि त्या खटल्यात कानसेनच्या कागदाशिवाय दुसरं काही दमाचं नव्हतं. बाई तुरुंगात जाणार की घरी, हे या पाय हलवणाऱ्या माणसाच्या सहीवर येऊन ठेपलं.

आणि इकडे त्याच्या जिवाला घोर लागला. जेवताना घास हातात तसाच राही. दुकानाच्या दिव्याखाली थांबून कान दे, लिफ्टमध्ये कान दे. दाताच्या डॉक्टरनं मशीन सुरू केलं, तर हा तोंड मिटून म्हणतो, "जरा लांब धरा बघू. आता जवळ आणा." डॉक्टरला वाटलं, माणूस घाबरलाय. पण सगळीकडची गुणगुण डुलत होती. जवळ गेलं की मोठी, वळलं की बारीक. मग त्या एकट्या खोलीतलीच अशी ताठ कशी?

"तुम्हाला दाखवायला न्यायला पाहिजे," बायको म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडे नाही. त्याच्या जरा वरच्या."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बाजारातून आली, तर घर चिडीचूप. पंखा बंद, फ्रिज बंद, चिकटपट्टी ओट्यावर, आणि नवरा हातात फोन घेऊन मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात फिरतोय.

"पुन्हा बंद केलात? काल संध्याकाळचं सगळं जेवण आत आहे!"

"श्श! ऐक. काही ऐकू येतंय?"

"काही नाही येत."

"तेच तर! गेली. साफ गेली गुणगुण."

"अहो, बटण बंद केल्यावर फ्रिज गप्प बसणार नाही तर काय गाणं म्हणणार?" तिनं पिशवी आपटली आणि बटण चालू केलं.

कानसेन तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. बाप रे! इतकी वर्षं त्यानं एकच ताडून पाहिलं होतं, त्या वेळी सगळ्या जाळ्यातली वीज कुठल्या सुरात गुणगुणत होती. ज्या खोलीत बोलणं झालं, त्या खोलीत काही चालू होतं की नव्हतं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. पूर्वी तो जागा बघायला जायचा. भिंतीवरचं यंत्र आल्यापासून खुर्चीतून उठायचं कारणच उरलं नव्हतं.

"त्या खोलीतलं बटण चालू होतं की बंद, मी कोणाला विचारलंच नाही गं," तो म्हणाला.

"मग विचारा की! त्यात काय एवढं?"

एवढं होतं. तपासणाऱ्यानं खटल्यातल्या माणसांना भेटायचं नाही, असा दंडक. फार तर पोलिसांबरोबर जाऊन जागा बघता येते, तीही अहवाल द्यायच्या आधी. मोठ्या मॅडम भडकल्या. "अहवाल गेला आणि आता जागा बघायला निघालात? हा कुठला उफराटा कारभार? वकील आपली सालटी काढेल!"

"काढू दे."

"आणि सगळं ठीक निघालं तर?"

"तर निदान झोप तरी येईल मला."

मॅडमनी त्याच्या पायाकडे पाहिलं. मग पत्रावर सही केली.

दुपारची, पोरं झोपवायचीच वेळ त्यानं मागून घेतली. फौजदारानं कुलूप काढलं. काय कुठं असायचं ते दाखवायला ताईंना बोलावलं होतं, पण त्यांच्या वकिलानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं बजावलं होतं. बुटक्या, जाडसर बाई. केस कसेबसे बांधलेले, पर्स छातीशी धरलेली. आठवडेच्या आठवडे ज्या आवाजाचा त्यानं कीस काढला होता, त्या बाईचा चेहरा तो आज पहिल्यांदा बघत होता. त्यानं मान लवून नमस्कार केला. ताईंनी तो घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं.

झोपायची खोली लहानशीच होती. भिंतीवर कागदाची बदकं चिकटवलेली, गाद्या गुंडाळून कोपऱ्यात, खिडकीला निळा पडदा. कोंदट वास येत होता म्हणून फौजदारानं आल्या आल्या दिवे-पंखे सगळं लावलं होतं. कानसेननं दाराआड, भागीदारीण जिथं उभी होते म्हणाली तिथंच, आपलं यंत्र ठेवलं आणि हेडफोन चढवले. गुणगुण होती, चांगली भरपूर होती. त्याचा जीव खट्टू झाला.

तेवढ्यात ताई आत आल्या. कुलूप लागल्यापासून त्यांनी ती खोली पाहिली नव्हती. क्षणभर गाद्यांकडे बघत उभ्या राहिल्या, एक कलंडली होती ती सरळ केली. खिडकीशी जाऊन पडदा ओढला. मग परत येता येता, न बघता, त्यांचा हात दाराशेजारच्या विजेच्या खोक्याकडे गेला आणि त्यांनी आतला खटका खाली ओढला.

पंखा मंदावला. कानसेनच्या कानात एकदम काहीच उरलं नाही.

"ओ बाई! कशाला हात लावता?" फौजदार खेकसला.

ताई दचकल्या, आणि वकिलाचं बजावणं विसरून बोलल्या. "झोपायची वेळ झाली ना." मग रिकाम्या खोलीकडे बघून स्वतःच ओशाळल्या. "सवय हो. एका पोरानं मागं सॉकेटमध्ये चमचा घातला होता. मरता मरता वाचलं. तेव्हापासून पोरं आडवी झाली की या खोलीची वीजच तोडून टाकते मी. उठली की चालू."

"रोज?" कानसेननं विचारलं.

"रोज. म्हणजे काय?"

"हे तुम्ही विचारायचं नाही," फौजदार म्हणाला, पण तोही आता थांबलेल्या पंख्याकडे बघत होता.

बाईनं हे आधी कोणाला सांगितलं का नाही? अहो, सांगायचं सुचणार कसं? आपण झोपताना दिवा मालवतो, हे कोणी पोलिसांना जाऊन सांगतं का? आणि भागीदारणीला तरी कुठून कळणार? ती नवी पोरं दाखल करणं आणि पालकांशी गोड बोलणं बघायची. दुपारच्या त्या खोलीत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. तिनं संगणकाकडून ताईंचा आवाज बनवून घेतला, आणि पकडलं जाऊ नये म्हणून त्यात त्या दिवशीची खरी विजेची गुणगुण मिसळली. संधीची वाट बघत ती बरेच दिवस रोज दुपारी घरातल्या सॉकेटशी फोन धरून ती टिपून ठेवत असणार. प्रयोगशाळा गुणगुण तपासते, हे तिला कोणी सांगितलं? कानसेनला आपली भाषणं आठवली आणि कानशिलं तापली.

"पण साहेब," जिन्यात फौजदार म्हणाला, "बाईनं आत्ता नाटक केलं असं म्हणतील. सवयीला काय पुरावा?"

खरंच होतं. दोन दिवस कानसेन पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत होता. मग त्याला वाटलं, आवाज बनवायला आवाज लागतो. तो तिनं आणला कुठून? पोलिसांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की ताईंना फोनवर लिहायचा कंटाळा. रोज दुपारी पोरं झोपली की त्या तिथंच बसून एकेका आईला, आणि भागीदारणीलाही, बोलून निरोप पाठवायच्या. सगळे आयांच्या फोनमध्ये पडून होते.

आया चिडलेल्या होत्या, आधी कोणी देईना. शेवटी त्या आजारी पडलेल्या बाळाच्या आईनंच आपला फोन पुढं केला. "काय ते खरं एकदाचं कळू दे," म्हणाली. मग बाकीच्यांनीही दिले.

कानसेननं हेडफोन लावले. "तुमचं पिल्लू झोपलं बरं का. आज सगळा भात संपवला." "दात येतोय वाटतं, मला चावला मेला." कुजबुजता, दमलेला, हसरा आवाज. मागं श्वास, खिडकीबाहेरचा पक्षी, आणि गुणगुण नाही. महिन्यामागून महिने, एकाही निरोपात नाही. त्या दिवशीच्या त्याच वेळेलाही एक निरोप होता. "आज जरा मलूल आहे हो. अंग कोमट लागतंय. संध्याकाळी दाखवून घ्या." तो पोलिसांनी आधीच ऐकला होता, त्यांना वाटलं होतं, बाई आपली बाजू सावरून ठेवतेय. त्यातही गुणगुण नव्हती. एकाच खोलीत, एकाच वेळी, विजेचं असणं आणि नसणं दोन्ही खरं असू शकत नाही. कानसेननं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ तोंडावरून हात फिरवत बसला.

दुसऱ्या अहवालाची सुरुवात त्यानं अशी केली, माझा पहिला अहवाल चुकीचा होता. मॅडम म्हणाल्या, जरा सौम्य लिहा. तो म्हणाला, नाही.

कोर्टात भागीदारणीच्या बाजूच्या वकिलानं हवं तेवढं तोंडसुख घेतलं. "तेव्हा खरं म्हणालात, आता खोटं म्हणताय. नेमके झोपेत केव्हा होतात?"

"तेव्हा," कानसेन म्हणाला.

लोक हसले. तो हसला नाही. यापुढं प्रत्येक खटल्यात प्रत्येक वकील तो पहिला कागद त्याच्या नाकासमोर नाचवणार, हे त्याला कळत होतं. पण ताई सुटल्या. भागीदारणीच्या संगणकात आवाज बनवल्याच्या खुणा सापडल्या. तिलाही सगळं पुसणं जमलं नव्हतं.

"आता जाऊन माफी मागून या," बायको म्हणाली. "आणि उगाच विजेवर व्याख्यान देऊ नका."

पाळणाघर पुन्हा उघडलं होतं. दार नव्यानं रंगवलं होतं, चपला मात्र थोड्याच होत्या. दुपारची वेळ. ताईंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि बाजूच्या टोपलीकडे हात केला. टोपलीत फोन ठेवायचा, मगच आत यायचं. त्यानं ठेवला. दोघं बाहेरच्या खोलीत पोरांच्या बुटक्या बाकांवर बसले. घरून घोकून आणलेलं सगळं त्याच्या तोंडातून वेडंवाकडं निघालं. "माझ्यामुळे तुम्हाला... चुकलंच माझं. फार चुकलं."

ताईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोलिसांनी मला ते पहिल्यांदा ऐकवलं ना, तेव्हा मी किंचाळले. हा माझा आवाज नाही म्हणून. पण मग तुमचा कागद आला. म्हटलं, एवढी यंत्रं, एवढा शिकलेला माणूस, सही करून सांगतोय की मीच बोलले. त्या दिवशी घरी गेले, सर्दीच्या औषधाची बाटली काढली आणि खिडकीत उजेडाला धरली. किती उरलंय बघत होते. वाटलं, दिलं असेल का मी? दिलं असेल आणि आठवत नसेल?"



"ती बाटली आहे अजून," ताई म्हणाल्या. "अजूनही कधीकधी काढून बघते."

आत एक पोर कुरकुरलं. ताई उठून गेल्या, दार ओढून घेतलं. कानसेन त्या बुटक्या बाकावर तसाच बसून राहिला. त्याचा पाय हलत नव्हता.